खालच्या पाइपाला भोक नाही

९ मार्च, सोमवार

खुर्ची मंजूर! आर्किटेक्ट बाई वर्कशॉपात आल्या, नमुन्याच्या खुर्चीवर बसल्या, पाय लांब केले आणि फोनवर कुणाशी तरी भलत्याच विषयावर बोलत राहिल्या. आपण खुर्ची तपासायला आलोय हे त्या विसरल्या. तेव्हाच मला कळलं की जमली. उठताना त्यांनी पाइपाच्या सांध्यावरून बोटं फिरवली. म्हणाल्या, जोड कुठे आहे तेच कळत नाही, आणि कुठे भोक नाही, स्क्रू नाही, असंच राहू द्या.

आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. पाठोपाठ भीती आलीच.

वाचनालयाच्या अंगणात ठेवायच्या आहेत. ऊन, पाणी, धूळ, पोरं – सगळं सोसायचं. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये पाणी निथळायला फटी ठेवल्यात. फटीत पोराचं बोट अडकेल का? करंगळी घालून पाहिली, मग आईच्या करंगळीचं माप घेतलं. उन्हात पट्टी किती तापेल? रंग फिका घेतलाय. जाडा माणूस मागे रेलला तर? मामा (वर्कशॉप त्यांचंच) म्हणाले, "शंकासुरा, तू एकदा स्वतःच्या सावलीवर बसून बघ, मोडते का." सगळं वर्कशॉप हसलं. मीही हसलो. आणि ते जेवायला गेल्यावर दोन पोती वाळू ठेवून खुर्ची मागे कलवून पाहिली.

नाही मोडली.

११ मार्च, बुधवार

ताईने दिलेला डबा पोचवायला भाऊजी कामाला आहेत त्या कारखान्यात गेलो. आमच्या खुर्च्याही रंगाआधी तिथेच जाणार, जस्ताच्या हौदात. बाहेरून साधा हौद दिसतो, गुरांना पाणी पाजतात तसा. आत वितळलेलं जस्त. त्यावर राखाडी साय धरते. भाऊजी आणि त्यांचा जोडीदार लांब दांड्यांनी ती साय बाजूला सारतात आणि खाली लख्ख आरसा दिसतो. लोखंड त्यात बुडवून काढलं की वर्षानुवर्षं गंजत नाही. भाऊजींच्या हातांवर बारीक पांढरे डाग आहेत, उडालेल्या थेंबांचे. ताई लग्नात म्हणाली होती, नवऱ्याच्या हातावर चांदणं आहे. मला ते डाग बघवत नाहीत.

जोडीदाराला सगळे पैलवान म्हणतात. फुंकर मारली तर उडेल असा माणूस आहे.

तिथले मुकादम मी काढलेला आमच्या खुर्चीचा आराखड्याचा कागद बघून म्हणाले, "भोकं कुठेत? भोक नसलेला पाइप मी हौदात सोडत नाही." बरोबरच आहे त्यांचं. पाइप चहूबाजूंनी बंद असेल तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होते, वाट मिळत नाही, पाइप फुटतो. मग हौदातलं जस्त उसळतं, आणि हौदाशी माणसं उभी असतात.

मी समजावून सांगितलं. भोकं आहेत, पण आत आहेत. वरचा आडवा पाइप पायाला जिथे जोडतो तिथे पायाला आधीच भोक पाडायचं, मग त्यावर आडवा पाइप बसवून वेल्डिंग करायचं. वाफ आडव्या पाइपातून पायात उतरते आणि पाय खालून उघडाच असतो. बाहेरून काही दिसत नाही. मुकादमांनी कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, जे डोळ्यांना दिसत नाही ते मी तपासू कसं?

तेव्हा भाऊजी मध्ये पडले. "माझ्या मेव्हण्याने काढलंय. तो दाराची कडी लावली का बघायला तीनदा उठतो. याच्या हातून चुकायचं नाही."

मुकादमांनी सही केली.

१२ मार्च, गुरुवार

बाईंचा फोन. नमुन्याच्या खुर्चीचे पुढचे पाय बसल्यावर किंचित फाकतात. खालून एक आडवा पाइप घाला, बारीकसा, नजरेत न येणारा. बरोबर बोलल्या. मला आधी का सुचलं नाही? दुपारपर्यंत कागद नव्याने काढला. खालच्या पाइपाची जाडी ठरवताना तीनदा खोडलं. अक्षरं सुबक आली. मामेभाऊ (इंजिनिअर – आम्ही त्याला त्याच नावाने हाक मारतो) जाता जाता डोकावला आणि म्हणाला, छान आहे, फ्रेम करून लाव. त्याला हे ड्रॉइंगचं टेबल हवं होतं. मामांनी मला दिलं. शाळा अर्धी सोडलेल्या भाच्याला. तो ते विसरत नाही, आणि मीही नाही.

१७ मार्च, मंगळवार

वेल्डर काका म्हणतात, तुझ्या कागदावर काम करायला डोकं लावावं लागत नाही. जे काढलंस तेच करतो, एक रेघ इकडची तिकडे नाही.

दिवसभर तेच वाक्य आठवून खूश होतो.

२१ मार्च, शनिवार

खुर्च्या गाडीत चढल्या, कारखान्यात गेल्या. एकात एक बसवलेल्या, बगळ्यांसारख्या. मी दोऱ्या ओढून पाहिल्या. मामा लांबून ओरडले, "ए, आता गाडीला मिठी मारू नकोस, जाऊ दे तिला."

ते असं का बोलतात ते मला माहीत आहे. मागच्या वर्षी बाकांची गाडी मी अर्ध्या वाटेतून परत बोलावली होती, बोल्ट आखूड गेलेत असं वाटून. बोल्ट बरोबर होते. त्याआधी छत्रीच्या खांबांचंही तसंच झालं. तेव्हा मामा घरी येऊन आईसमोर म्हणाले होते, आणखी एकदा उगीच गाडी थांबवलीस तर टेबल काढून घेईन, रंगखात्यात जायचं. आई माझ्याकडे बघत राहिली.

२३ मार्च, सोमवार

अक्षर वाईट येतंय.

सकाळी वेल्डिंगच्या शेडमध्ये पट्टी आणायला गेलो. भिंतीशी एक पाय उरलेला उभा होता. जास्तीचा कापून, भोक पाडून ठेवलेला. सहज उचलला. डोळ्याला लावला, पोरं नळीतून बघतात तसा. वरच्या भोकातून उजेड आत येत होता. खाली अंधार.

खाली भोक नाही.

बोटाने चाचपलं. गुळगुळीत. काकांना विचारलं, खालच्या पाइपासाठी भोक? ते म्हणाले, "कागदावर नव्हतं." आणि वेल्डिंगचा चष्मा खाली ओढून कामाला लागले. त्यांना वाटलं, मुद्दामच नसेल ठेवलेलं.

कागद काढला. नाही. जाडी आहे, उंची आहे, सगळं आहे. वरच्या पाइपाला भोक आहे. नव्या पाइपाला नाही. मी काढलंच नाही. मुकादमांनी सही केली ती आधीच्या कागदावर. तो पाइप सरळ राहावा, बारीक दिसावा, नजरेत येऊ नये – एवढंच बघत राहिलो.

म्हणजे एकूण एक खुर्चीत खालचा पाइप बंद आहे. दोन्ही टोकांना. हवाबंद.

भाऊजी.

२३ मार्च, दुपार

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. डबा उघडला नाही. मामांच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेलो. आत ते बाईंशी बोलत होते, हसत होते. आणखी अशाच खुर्च्या हव्यात म्हणे, गच्चीसाठी. मला बघून मामांनी हात केला – ये, ये. मी मान हलवली आणि परत आलो.

सांगितलं तर काय होईल? प्रत्येक खुर्चीला खालून भोक पाडावं लागेल. बाहेरून, दिसेल असं. बाईंनी एकच गोष्ट मागितली होती. आणि चूक खरोखर माझी. या वेळी शंका नाही, चूक. टेबल जाईल. इंजिनिअर माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसेल.

नाही सांगितलं तर?

कदाचित फुटणार नाही. सगळेच बंद पाइप फुटत नाहीत, असं एकदा कुणीतरी म्हणालं होतं. कोण म्हणालं होतं? आठवत नाही. की मीच आत्ता म्हणतोय?

२४ मार्च, मंगळवार

भाऊजींना फोन केला. सांगायलाच केला होता. ते म्हणाले, "बोला मेव्हणे, तुमच्या खुर्च्या इथे आमच्या अंगणात बसल्यात, गुरुवारी अंघोळ घालतो त्यांना." मी विचारलं, तुम्हीच असता का तिथे? म्हणाले, "मग काय, तुझी चीज दुसऱ्याच्या हाती देऊ?"

माझ्या तोंडून निघालं – गुरुवारी सुट्टी घ्याल का? घराचा मागचा दरवाजा पार खाली आलाय, बसत नाही, एकट्याला उचलत नाही. माझ्याही मनात ते आधी नव्हतं, बोलता बोलता आलं. दरवाजा खराच खाली आलाय. खोटं काहीच बोललो नाही.

ते म्हणाले, रविवारी करू की. मी म्हटलं, आई एकटी असते, कडी लागत नाही, मला भीती वाटते. माझ्या भीतीवर कोण शंका घेणार? ते हसले. "बरं बाबा, पैलवानाशी बदलून घेतो."

फोन ठेवला. छातीवरचं ओझं उतरलं. कालपासून पहिल्यांदा पोटभर जेवलो. आई म्हणाली, काय रे, आज गाडी रुळावर?

२५ मार्च, बुधवार

काही लिहायचं नाही. गच्चीच्या खुर्च्यांचे कागद सुरू केले. प्रत्येक पाइपाला भोक काढलं. जिथे नको तिथेही काढलं.

२६ मार्च, गुरुवार

क्रमाने लिहितो, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळतंय.

भाऊजी सकाळीच आले, जुना शर्ट घालून, पाने आणि पटाशी घेऊन. आईने चहा केला. दरवाजा काढून ओट्यावर आडवा ठेवला, बिजागऱ्या सोडवायला बसलो. ते आईची चेष्टा करत होते – या दरवाजापेक्षा तुमचा मुलगा जास्त करकरतो. आई हसून हसून दमली. मी घड्याळाकडे बघत नव्हतो. बघायचं नाही असं ठरवलं होतं.

मग भाऊजी स्क्रू सोडवता सोडवता सहज म्हणाले, पैलवान भला माणूस. त्याला आज मुलीला घेऊन चष्म्याच्या दुकानात जायचं होतं, रजा मंजूर होती. भाऊजींनी विचारलं तर लगेच म्हणाला, "मेव्हण्याने बोलावलंय ना? मग जा तू. मेव्हण्याला नाही म्हटलं तर बायको आठवडाभर बोलत नाही." आणि रजा मोडून हौदावर उभा राहिला.

माझ्या हातातला पाना खाली पडला.

खरं सांगतो – इथे तरी खरं सांगतो – तोपर्यंत हौदाशी कुणी दुसरा उभा असेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. भाऊजी नाहीत म्हणजे हौदाशी कुणीच नाही, असं काहीतरी मी धरून चाललो होतो. पैलवानाला मी पाहिलंय. माझ्या समोर त्याने डबा खाल्लाय. तरी आलं नव्हतं. की आलं होतं आणि मी ढकललं?

मी म्हणालो, "भाऊजी, खालच्या पाइपाला भोक नाही."

ते म्हणाले, कुठल्या? मग त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं गेलं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. फोन लावला. हौदाशी कुणी फोन जवळ ठेवत नाही. ऑफिसातला वाजत राहिला. त्यांनी गाडीची किल्ली घेतली, मी मागे बसलो. आई ओट्यावर उभी राहून विचारत होती, अरे झालं काय? दार उघडं टाकून कुठे निघालात? दार नव्हतंच. चौकट होती.

प्रत्येक सिग्नलला मला वाटे की आता लांबून आवाज येईल. येणार नव्हता, कारखाना किती दूर. तरी कान तिकडेच.

फाटकातून आत शिरलो तर आमच्या खुर्च्यांचा पहिला झुबका आकड्याला लटकत हौदाकडे निघाला होता. धुऊन झालेल्या, ओल्या. पैलवान खाली दांडा धरून उभा, वर बघतोय. मी तोंड उघडायच्या आत भाऊजींनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. ती शिट्टी तिथे सगळ्यांना माहीत असावी, कारण क्रेन जागच्या जागी थांबली. खुर्च्या हौदावर हलत राहिल्या, एकमेकींवर हळूच आपटत.

मग त्या परत मागे गेल्या.

मुकादम आले. भाऊजींना म्हणाले, तुझ्या शब्दावर सही केली होती मी. भाऊजी म्हणाले, "हो. चुकलंय. तो सांगायला आलाय." एवढंच.

ड्रिल आणलं. मीच मागितलं. पहिल्या खुर्चीला उलटं केलं, खालच्या पाइपाला खालून भोक पाडलं. ड्रिल आत गेल्याबरोबर पाण्याचा थेंब बाहेर आला. मग दुसरा. जोडातून कुठून तरी धुण्याचं पाणी आत शिरून बसलं होतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटेने. पैलवानाने तो थेंब बोटावर घेतला, बघितला आणि पँटीला पुसला.

उरलेल्या सगळ्या खुर्च्यांना मी भोकं पाडली. पैलवान एकेक खुर्ची उलटी करून माझ्यासमोर धरत होता. त्याला वाटलं, मला आत्ताच कळलं आणि मी हातातलं काम टाकून पळत आलो. सगळ्यांना सांगत सुटला, घरचा दरवाजा उघडा टाकून आला हा, माझ्यासाठी. माझ्या पाठीवर थाप मारली. हात हलका आहे त्याचा. "शंकासुर म्हणतात ना तुला? माझ्यासाठी तू देव आहेस बाबा."

मी खाली बघून ड्रिल चालवत राहिलो. भाऊजी पलीकडे उभे होते. त्यांनी ऐकलं.

परत येताना कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवली. मागे वळले नाहीत. म्हणाले, "फोन केलास तेव्हाच तुला कळलं होतं. मला घरी बसवलंस. त्याला नाही."

मी हो म्हणालो. त्यांनी गाडी सुरू केली.

२७ मार्च, शुक्रवार

मामांना सांगितलं. ते ओरडतील म्हणून सगळं पाठ करून गेलो होतो. ओरडले नाहीत, तेच भयंकर. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, कधी लक्षात आलं? मी म्हणालो, काल. ते म्हणाले, बरं झालं गेलास. मग बाईंना माझ्यासमोरच फोन लावला. बाई म्हणाल्या, "खालून आहे ना? मग कुणाला दिसतंय." आणि गच्चीच्या खुर्च्यांचं विचारू लागल्या.

एवढंच होतं. सोमवारी केबिनमध्ये गेलो असतो तर एवढंच होतं.

टेबल गेलं नाही. कागद बाहेर जाण्याआधी इंजिनिअर बघणार, एवढंच ठरलं. इंजिनिअरने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, होतं रे. त्याच्या बोलण्यात काही काटा नव्हता. मी शोधला.

'काल' म्हणालो मी. का म्हणालो? आता कुणाची भीती होती?

२८ मार्च, शनिवार

ताई आली होती. मला बघून नेहमीसारखी टपली मारली. भाऊजींनी तिला काहीच सांगितलेलं दिसत नाही. म्हणाली, दरवाजा अर्धवट टाकून पळालात, दोघांनाही कामाचा कंटाळा. काय झालं म्हणून यांना विचारलं तर म्हणतात, त्यालाच विचार. काय रे?

मी म्हटलं, खुर्च्यांचं काहीतरी.

ती गेल्यावर दरवाजा एकट्याने उचलून लावायला गेलो. नाही लागला. पत्रा टेकवून ठेवलाय.

२९ मार्च, रविवार

पैलवानाने आज दुपारी जेवायला बोलावलंय. त्याच्या बायकोला माझे आभार मानायचेत, मुलीला खुर्च्या काढणारा माणूस बघायचाय. मी भाऊजींना फोन केला, म्हटलं, काहीतरी सांगून टाळा ना. ते म्हणाले, "जा. आणि पानावर बसण्याआधी सांग."